टाका

वसमतला मोंढ्याच्या मागं माझी पत्र्याची टपरी.
मे महिन्यात झाळायची काडी आणि माझं डोकं
एकाच वेळी तापतं.

प्रयागबाई पिशवीतून रेडिओ काढतात,
सुतळीनं बांधलेला, तीन बँडचा,
हळदीच्या कढईशेजारी वीस हंगाम बोललेला.
नातू मोटारसायकलवरूनच म्हणतो,
"टाका की हो भंगारात. किलोनं येईल ते येईल."
गाडी बंदही करत नाही.

पाठ उघडतो.
आत पिवळा धुरळा
तारांवर, कंडेन्सरवर, काट्याच्या दोऱ्यावर,
जशी कुणी नवरीला हळद लावली
आणि वऱ्हाड आलंच नाही.
पालीचं एक फुटकं अंडं.
ज्वारीचा एक दाणा. तो इथं कसा,
विचारत बसलो तर धंदा व्हायचा नाही.

ब्रशनं झटकतो, आणि दिसतो टाका:
गोल, बारका, चकचकीत,
थेंब पडता पडता थांबावा तसा.
असा टाका या तालुक्यात एकाच हाताचा.
मस्तानचाचा. जाऊन अकरा वर्षं झाली.
बंद पडलेला कुठलाही डबा कानाशी धरून म्हणायचे,
"मर्‍या नै रे, सोया सो है. फेकना नक्को."
आणि राळेच्या धुरात मला बसवून
स्वतः चहाला जायचे.

मीटरची टोकं लावतो.
चाचांचा टाका धडधाकट.
शेजारचा मात्र ढेकळासारखा, करपलेला,
बुडाशी बारीक भेग. सुई हलत नाही.

ओळखला मी तो.
सोळाचा होतो.
चाचा नमाजला गेले होते,
गिऱ्हाईकाला एसटी गाठायची होती.

इतकी वर्षं निभावला कसा, हेच नवल.

जुनं कथील ओढून काढतो, नवं घालतो.
गोल येतो. जवळपास.
अजूनही जवळपासच.

खरखर. शिट्टी. मग परभणी केंद्र,
कुणीतरी बोंडअळीबद्दल सांगतंय.
"ह्योच बोलत व्हता बंद पडला तवा,"
प्रयागबाई म्हणतात, "आजून संपलं न्हाई व्हय त्याचं?"

गाडी बंद होते.
नातू खिशातला तडकलेला मोबाईल चाचपतो,
काढत नाही.

"किती झाले?"
काही नाही, म्हणालो. जुनी गॅरंटी होती.

त्यांनी मान हलवली,
आणि सुतळी पुन्हा होती तशी,
दोन गाठी मारून बांधली.