तिसरी पाळी

इराने तबकडी हातात दिली
आणि मी आधी वास घेतला.
"बाबा, ती ऐकायची असते."
असेल. पण एकतीस वर्षं बाजव्यापलीकडच्या प्लांटात
हीच पांढरी पावडर मी नाकाने ओळखली आहे,
म्हणजे हीच असं नाही, हिची चुलत बहीण.
पोती भरून रवाना करायची, पुढचं विचारायचं नाही.
पाइप होतात, ठाऊक होतं. पावसाळी चपला,
सलाइनच्या नळ्या, एसटीच्या सीटचं रेक्झिन.
गाणं होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"एकशेऐंशी ग्रॅम," ती म्हणाली,
नव्या बाळाचं वजन सांगावं तशी.
पाकिटावर चौघं उभी, छाणीच्या फाटकापाशी,
तिच्या गळ्यात ती लाल गिटार,
जी मी दिवसा झोपायचो म्हणून
ती वायर न जोडता शिकली.
सात वर्षं. बंद दाराआड
तारांची नुसती कुजबुज, मच्छरदाणीबाहेरच्या डासांसारखी.
बँडचं नाव 'तिसरी पाळी'.
मी काही बोललो नाही.
कार्ड पंच करताना कोण बोलतं?

रविवारी नौशीर फतेगंजहून आजोबांचा प्लेयर घेऊन आला,
रिक्षात, मांडीवर सांभाळत, आजारी माणसाला आणावं तसा.
केयूरने सेवउसळ आणली, तर्री वेगळ्या पिशवीत.
बेसवाला मोईन नेहमीसारखा उशिरा.
आमच्या हिने पंखा बंद केला.
सुई टेकली.
गाण्याच्या आधी खरखर आली.

त्या खरखरीला मी ओळखतो.

शनाभाई परमार. रिॲक्टर थंड झाला की
शिडीने आत उतरायचा, कमरेला दोर, हातात पटाशी,
भिंतीला धरलेला थर खरवडायला.
वर भोकापाशी दोर धरून मी.
आतून खर्र, खर्र, मध्येच त्याचं भजन,
पोलादात गोल फिरून वर येईतो
चार शनाभाई गात असल्यासारखं.
गाणं थांबलं तर ओढून काढायचं,
असं आमचं ठरलं होतं.
बावन्नाव्या वर्षी यकृत गेलं.
डॉक्टरने विचारलं, रोज किती घेता?
आणि चहासुद्धा सोडलेला तो माणूस
माझ्याकडे बघून हसला.

दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं. इराचा आवाज
घरातल्यापेक्षा जाड, जरा घोगरा:
सूर्य उगवला की आमच्या घरी रात्र व्हायची,
अगं, सूर्य उगवला की आमच्या घरी रात्र व्हायची,
चमचा पडला तरी भिंती श्वास धरायच्या.
एकच ओळ दोनदा, मग वळण.
व्हॉल्व्ह असाच तपासायचा असतो,
दोनदा हात लावायचा, तिसऱ्यांदा फिरवायचा.
मागून नौशीरचा माउथ ऑर्गन,
सकाळी सातच्या भोंग्यासारखा, दमलेला, सुटलेला.
ही उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला.
बराच वेळ सोडून ठेवला.

गाणी संपली तरी सुई आतल्या कडेला फिरत राहिली,
टक्, टक्.
चौघं माझ्याकडे बघत.
काहीतरी म्हणायला हवं होतं.
"उन्हात ठेवू नका," मी म्हणालो,
"सत्तर अंशांना वाकते. मे महिन्यात गाडीत विसरलात
तर बशी होईल तिची."
"हो बाबा," इरा म्हणाली.
केयूरने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं, खरंच.

मग मी तो दांडा उचलला,
दोन बोटांनी, दोराचा ताण बघावा तसा,
आणि पुन्हा अगदी बाहेरच्या कडेला,
जिथे अजून कुणी गात नाही,
तिथे ठेवला.