रात्री दहा, खोली कुर्की

फळ्यावर कागद मीच टोचला, दुपारच्या कॉफीआधी:
ज्यांच्याकडे अजून जुनं सत्तर नंबरचं मशीन आहे
त्यांनी रात्री दहाला यावं. विषय ठरलेला नाही.
खाली नावांसाठी सहा रेघा ओढल्या,
सहा जास्त वाटल्या म्हणून दोन खोडल्या.

ताम्पेरे. नोव्हेंबर. चारच्या आत अंधार.
दिवसभर मोठ्या दालनात कंपनीचे लोक
नव्या मशीनच्या स्लाइड दाखवत होते,
बाण सगळे वर जाणारे.
आमच्या मशीनचं नाव कुणी काढलं नाही,
लग्नघरात आजाऱ्याचं काढत नाहीत तसं.

खोलीचं नाव कुर्की, म्हणजे क्रौंच.
क्रौंच तर कधीच दक्षिणेला गेलेले.
आठ खुर्च्या, कोमट कॉफी, वेलचीचे पाव सकाळचे.
दहा वाजून दहापर्यंत मी एकटी.
फळा पुसला, पुसायला काही नव्हतं तरी.

मग तौनो पेल्कोनेन, ओउलूच्या इस्पितळातला.
मग हिल्का रौतिओ, वासाच्या वाचनालयातून.
आणि एक पोरगा, खेळवाल्यांची खोली शोधताना चुकलेला;
पाव दिसले म्हणून बसला.

कुणी बोलेना.
तौनो कॉफी ढवळत राहिला, साखर न घालता.
शेवटी मीच म्हटलं, कपाकडे बघत,
आमचं कधी कधी पहाटे तीनच्या सुमाराला
एकशे चौदा म्हणतं आणि गप्प होतं.

हिल्काचा हात पावावर थांबला.
"तुमचंही?"

अकरा वर्षं मी समजत होते
गिरणीतली कागदाची धूळ असेल,
नाहीतर माझंच काही चुकत असेल.
अकरा वर्षं ती तळघरातली एकच वायर बदलत होती.
तौनोनं तर रात्रपाळीच्या नर्सवर आळ घेतलेला,
तिची किटली त्याच प्लगवर.
"माफी मागायला हवी," तो म्हणाला,
"पण ती निवृत्त झाली."

मग जे सुटलं ते सुटलं.
पंख्याची घरघर तौनोनं तोंडानं काढून दाखवली,
साठीच्या गृहस्थानं,
आणि आम्ही दोघी एकदम म्हणालो: डावीकडचा!
हिल्कानं पर्समधून रुमालाची गाठ सोडली:
तीन फ्यूज, एक रबरी पट्टा. घ्या, म्हणाली,
आता कुठे मिळतात.

कारण? नाही सापडलं.
पोरगा तोंडात घास असताना म्हणाला, घड्याळ असेल,
तीनला ते स्वतःशीच हिशेब जुळवत असेल.
आम्ही तिघांनी त्याच्याकडे पाहिलं
आणि उरलेला पाव त्याच्यापुढे सरकवला.

बाराला रखवालदारानं दिवे मालवले.
कॉरिडॉरमध्ये, कोट हातात, आणखी अर्धा तास.

कायानीला परतल्यावर चौथ्या रात्री
फोन वाजला: गिरणी. एकशे चौदा.
बूट घालताना घड्याळ पाहिलं,
तीन वाजून दोन मिनिटं.
वासात हिल्का जागी असेल.