सूट

सरांनी अर्ज माझ्या टेबलावर ठेवला
आणि पंख्याने उडू नये म्हणून वर माझाच डबा.
"बाई, पंधरा तारखेच्या आत पाठवायचाय.
मराठीतून सूट. पोरीची टक्केवारी वाचेल,
आपला निकालही."
दिवाळीत शिरपूरच्या मेन रोडला
कापडवाले ओरडतात, तशीच म्हणाले ते :
सूट.

विद्यार्थिनीचे नाव : मिनती बाग.
वडील : दैतारी बाग, जिनिंगमध्ये फिटर.
गाव तिकडे लांब, बलांगीरजवळ.
प्रवेशाच्या दिवशी क्लार्क म्हणाला होता,
"आधी आडनाव सांगा, पत्ता नंतर."
"बाग," दैतारी म्हणाला. मग पुन्हा, "बाग."
सही केली, तर सगळी गोल गोल अक्षरं,
बांगड्या फिसकटून पडाव्या तशी.
"ही सही की नक्षी?"
तो हसला.
मिनतवारी करणाऱ्या माणसाला हसावंच लागतं,
समजो, न समजो.

पहिली सहामाही ती बोललीच नाही.
वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढायची :
सरकीचा ढीग, ढिगावर बकरी.
मग एका सोमवारी मी हजेरीत पुकारलं, "मिनती?"
"शे ना बाई. आठेच शे."

आठवी ब अशी हसली
की शेजारच्या वर्गातून भूगोल थांबला.
जिनिंगच्या चाळीत, नळावर, बायांच्या भांडणात
ती शिकली होती भाषा.
माझ्या धड्यांतून नाही.

मी बेटावदची.
चौथीत मीही म्हटलं होतं, "पुस्तक घर शे, गुरुजी."
एका 'शे'साठी
शंभरदा 'आहे' लिहिलं मी, पाटीच्या दोन्ही बाजूंनी.
मला नव्हता दिला कुणी अर्ज.
दाखल्यावर आयतंच लिहिलेलं होतं, मातृभाषा : मराठी.
मन्ही माय काय बोलस,
ते विचारायला कोणी आमच्या घरी आलं नव्हतं.
आता मी 'आहे' इतकं चोख म्हणते
की माहेरी गेले तर वहिनी पाटावर बसवते,
पाहुण्यासारखी.

आणि ऐका, हे सरांना सांगितलेलं नाही :
'ळ' शिकवताना फळ्यावर केळ्याचा घड काढला.
अडतीस पोरं, सगळी इथली,
तापीकाठी केळीतच वाढलेली,
एका सुरात म्हणाली, "केयी."
"डोळा?" "डोया."
"काळा?" "काया."
मागून एक बारीक आवाज, "कदळी."
जिभेचं टोक वर, पार मागे वळवून,
अस्सा ळ
की मीच दचकले.
त्यांच्याकडे असतो म्हणे. ती गावाहून घेऊनच आली होती.

अर्जात एक रकाना आहे : सूट मागण्याचे कारण.
बोटभर जागा.
दैतारीने तिथं काही लिहिलेलं नाही.
त्याला टक्केवारी हवी आहे, आणि ते चूक नाही.
दहावीला नापासाचा शिक्का बसला
तर तो तिला जिनिंगमध्येच नेईल,
सरकीच्या ढिगावर.
मी कोण तिला माझ्या पाटीवर बसवणारी?

काल तालीम म्हणून सरांनी
मराठीच्या तासाला तिला व्हरांड्यात बसवलं,
गणिताचं पुस्तक देऊन.
मी कविता शिकवत होते, दुसऱ्या कडव्यावर अडखळले,
शब्द आठवेना,
तर खिडकीच्या गजांतून आला, बिनचूक.
तास संपल्यावर ती दारात उभी.
"माले बाहेर बसाडू नका, बाई."

वाक्यात चार चुका होत्या, माझ्या पुस्तकाप्रमाणे.
लाल पेन हातातच होता.
मी टोपण लावलं.

अर्ज अजून ड्रॉवरमध्ये आहे, खडूच्या खोक्याखाली.
आज तेरा तारीख.
सर दोनदा दारावरून गेले,
एकदा खोकले.
मी म्हटलं, "शे ना सर. आठेच शे."