अठरा पौंड

हॉर्नकॅसलला गुरुवारी बाजार भरतो,
म्हणून बुधवारी मी भाव लावत बसते.

केळ्यांच्या खोक्यांतून आली ती, एक्केचाळीस विमानं,
सगळी एकास बहात्तर मापाची,
आणि मागोमाग मिसेस लेगट, ओली टोपी झटकत:
"बॉयलर बसवायचाय. तेवढे निघतील ना?"

मी म्हटलं, आज गारठा आहे.

माझे वडील गुरांच्या बाजारात दलाल.
बैलाचा जबडा उघडायचे आणि सांगायचे
दुसा, चौसा, जुळला.
भाव मात्र उपरण्याखाली, बोटांना बोटं लावून.
वर तोंडाने सगळं पाऊसपाणी.
लिंकनशरमध्ये मला कधी परकं वाटलं नाही
ते यामुळेच असेल.

खोक्याची झडप उघडते.
कड दुमडलीय का. खिडकीचं प्लास्टिक पिवळं पडलंय का.
चाकांचे दोन जोड हवेत, उडतानाचा आणि उतरल्यावरचा.
शेपटीकडची बारीक तार, ती सगळ्यांत आधी जाते.
स्पिटफायर. स्पिटफायर. हरिकेन. परत स्पिटफायर.
लँकेस्टरचा एक पंखा सैल आहे,
फुंकर मारली की फिरतो.
मी दोनदा मारली.

एकेकाळी यांच्यासाठी फोनवरून बोली लागायची.
मग नवे साचे आले, पत्र्याच्या रेघा केसाइतक्या बारीक,
आणि जुनी विमानं एकदम जाडजूड दिसायला लागली,
लग्नाच्या फोटोतल्या काकांसारखी.
शिवाय घेणारेच एकेक करून
विकणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभे राहताहेत.
म्हणजे त्यांच्या बायका येताहेत.

प्रत्येक खोक्याच्या बुडाला गोल चिकटपट्टी,
पेन्सिलीने, नीट: अठरा पौंड.
"कीथ फार जपून खर्च करायचा," मिसेस लेगट म्हणाल्या,
"अठराच्या वर कधी गेला नाही."

थर्मोकोलच्या तबकाखाली मात्र
चार घड्या घातलेली पावती.
चौऱ्याऐंशी पौंड नव्याण्णव पेन्स.
पुढच्यात एकोणऐंशी.
त्याच्या पुढच्यात एकशे दहा, आणि टपालखर्च वेगळा.
त्या चहा ढवळत होत्या. मी पाठ करून
एकेक पावती एप्रनच्या खिशात सारत गेले.

समोर माझी वही, गेल्या तीन महिन्यांची विक्री:
सतरा, एकोणीस, अठरा, अठरा,
एकदा सोळा, तेही परत गेलं.
वीस वर्षं बोललेलं खोटं
आणि बाजार हळूहळू चालत येऊन
बरोबर त्याच्या शेजारी टेकलेला.

एकच निराळं. स्वोर्डफिश.
दुमजली पंख, मधे दोऱ्याच दोऱ्या,
वाळत घातलेल्या धोतरासारखं ध्यान.
कुणाला आवडलं नाही म्हणून थोडीच काढली,
थोडीच काढली म्हणून आज एकशे साठ.
बुडाला अठरा. आत पावती:
सेल, शेवटचा नग, अठरा पौंड.
हे त्याने किती ताठ मानेने घरी आणलं असेल.

"अर्धा बॉयलर," मी म्हटलं. "आमची दलाली वजा जाता,
फार तर अर्धा."
त्यांनी मान हलवली. कप खाली ठेवला.
लँकेस्टरच्या त्याच पंख्याला बोट लावलं,
न बघता, बरोबर त्याच.
"आत काही सापडलं का?"

"धूळ."

"धूळ?" त्या म्हणाल्या. "धूळ तर त्याने कधी बसू दिली नाही."
आणि माझ्या एप्रनकडे बघत राहिल्या,
मग खिडकीकडे. म्हणाल्या,
उद्या बाजारापर्यंत उघडेल बहुतेक.

मी म्हटलं, उघडायला हवं.

त्या गेल्यावर नव्या चिठ्ठ्या लिहायला बसले
आणि पेन्सिल तशीच ठेवली.
चाळीस खोक्यांवर त्याचीच चिकटपट्टी राहू दिली.
फक्त स्वोर्डफिशची
नखाने खरवडली,
ती काही केल्या पूर्ण निघेना.