तिखट खाणारी माणसं

जामीन या शब्दाला माझी गरज लागत नाही.
कानडीतही जामीनच, शेवटी एक उकार येतो तेवढाच.
बाकी सगळ्याला लागते.
भेसळीला कलबेरके म्हणायचं, धमकीला बेदरिके,
आणि घाईच्या दिवशी हे दोन शब्द
पाठीला पाठ लावून येतात,
तेव्हा जीभ जपून टाकावी लागते.

परवा बेळगावच्या कोर्टात
संकेश्वरची शेवंता हुंदरे उभी होती.
मिरचीच्या डंकावर कामाला.
हात कोपरापर्यंत लाल, धुऊन न जाणारे.
तिनंच पंचांसमोर दाखवलं होतं
कुठल्या पोत्यात मिरची, कुठल्यात विटकरीचा चुरा,
आणि तो पत्र्याचा डबा, कापड रंगवायच्या रंगाचा,
मालक कुलपात ठेवायचा तो.
शाळेच्या आमटीतनं ते पोरांच्या पोटात गेलं.
अठ्ठावीस पोरं.
दवाखान्यात एका खाटेवर तिघं तिघं, उलटसुलट.

मालक परशराम कणबरकर
एकविसाव्या दिवशी सुटला, चार अटींवर.
चौथी: साक्षीदाराला भेटायचं नाही.
तो भेटला.

सरकारी वकील म्हणतात, जामीन रद्द करा.
त्याचा वकील म्हणतो, गेला होता, मान्य,
पण बाईच्या थोरल्या मुलीचं लग्न,
पाच किलो तिखट द्यायला गेला,
शुद्ध. हे बघा बिल.

“एनु हेळिद?” न्यायाधीश बाई विचारतात.
मी शेवंताकडे वळतो. काय म्हणाला तो?
“म्हणाला, शेवंताक्का,
तुमच्यात तिखट खाणारी माणसं किती?”

एवढंच.
मी ते कानडीत ठेवलं,
खार तिन्नोरु एष्टु जन,
शब्दाला शब्द, वजनाला वजन,
आणि ते वाण्याच्या चौकशीसारखं
टेबलावर पडून राहिलं.
कणबरकर जरासा हसला.

वीस वर्षं हेच करतोय.
आई खानापूरकडची, शाळा कानडी, शिव्या दोन्हींतल्या.
घरी मी जे बोलतो त्यात काय किती टक्के
कुठल्या प्रयोगशाळेनं तपासलेलं नाही.
नमुना घेतला तर नापास होईन.
त्यानं कुणाचं पोट दुखत नाही म्हणा.
पाट्यांवरनं दुखतं कुणाकुणाचं, ते वेगळं.

“इदु बेदरिकेना?”
ही धमकी आहे का, बाई मलाच विचारतात की काय,
क्षणभर असं वाटलं.
मला एक करता आलं असतं.
तेच वाक्य परत म्हणताना
आवाजात थोडी भीती घालायची.
चिमूटभर.
रंग लगेच चढला असता.
डबा माझ्याकडेही आहे, दुभाष्याकडे असतोच,
कुलूप मात्र ज्यानं त्यानं आणायचं.

मी घातली नाही.
शेवंताला विचारलं, म्हणताना काय करत होता?

“उंबऱ्यात हुबा. चपला मोजत हुता.
बोटानं. एक, दोन, तीन...
बारकीच्या चपलेवर बोट थांबलं.
मग म्हणाला, किती?”

चप्पल या शब्दालाही माझी फारशी गरज लागली नाही.
मी भाषांतर पुरं करायच्या आधीच
वर लेखणी थांबली होती.

साडेचारला आदेश झाला.
कणबरकरला पोलिसांनी मागच्या दारानं नेलं,
बिल टेबलावरच राहिलं.

शेवंता व्हरांड्यात इकडेतिकडे बघत उभी.
आत येताना तिनं चपला काढल्या होत्या, देवळात काढाव्यात तशा,
कुणी सांगितलं नसताना.
शिपायानं त्या बाकाखाली सारलेल्या.
मी वाकून काढल्या, तिच्या पायाशी ठेवल्या.

“संकेश्वर बस्सु एष्टु गंटेगे?” तिनं विचारलं.
साडेपाचला, मी म्हणालो,
आणि मग माझ्या ध्यानात आलं.
अक्का, तुम्हाला कानडी येतंय?

“येतंय की,” चपलेत पाय घालत ती म्हणाली.
“बगत हुते,
तुमी काय मिसळताय का.”