सिक्स-जी

जुबैलच्या कॅम्पात नोटीस लागलीय:
पाइप वेल्डर पाहिजेत, पगारात तीनशे रियाल वाढ.
मी चहा ढवळत वाचली,
पुन्हा वाचली.

तीनशेला कोण येणार?
सिक्स-जीची परीक्षा पास व्हायला चार वर्षं गेली,
त्यातली दोन नुसती भंगार पत्रे जाळण्यात.
अजून रात्री डोळ्यांत वाळू खुपते,
बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचं.

तौसीफला फोनवर म्हटलं, येतोस?
म्हणाला, मामू, खेडला एसी दुरुस्तीचं दुकान टाकतोय.
कमी मिळेल,
पण मुलगी देतात.

मॅनेजर म्हणतो, हल्ली माणसंच मिळत नाहीत.

मिळायची की.
माझ्या आईनं एक दिला होता,
वर एजंटाला नव्वद हजार.