धूर मोजताना

जपानी पुस्तकात काय लिहिलंय कुणास ठाऊक,
मेहबूब मिस्त्री इंजिनालाच कान लावून वाचतो.
"नोझल खोकतंय," म्हणतो.

विजापूर रोडला दोनदा नापास.
मग होटगीच्या रस्त्याला
तिसऱ्या गिअरात दामटली जीप,
पोटातली काजळी बाभळींवर ओकवली
आणि तापलेलीच आणून उभी केली.

पोऱ्याने सायलेन्सरात नळी खुपसली.
"दाबा, काका."
आकडा चढला, अडखळला,
एकसष्टावर बसला.
पास.

कागद हातात गरम.
पलीकडे बंद गिरणीची चिमणी.
तिच्याखाली नाना तीस वर्षं सायझिंगला,
रिकाम्या डब्यातून
खोकला घरी आणायचे.
तिला नळी लावायला
कोण चढलं होतं वर?

मेहबूब बॉनेट आपटतो :
"चला मालक,
सहा महिने सुटलो."